कंबरेचं माप

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात बसायला एकच स्टूल होतं आणि ते गिऱ्हाइकांसाठी होतं. मी शिकून रिकामा बसलो होतो, त्यामुळे ते हळूहळू माझं झालं. गिऱ्हाईक आलं की मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचे, "उठा पदवीधर, कामाची माणसं आली." मी उठून कापायच्या टेबलाला टेकून उभा राहायचो. गिऱ्हाईक गेलं की पुन्हा बसायचो.

मी त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खाली पुढे दुकान, मागे त्यांचं घर, मधे एक दार. ते दार बंद असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दारापलीकडे मास्तरांची बायको, आमच्या मावशी, बसायच्या. काजं, बटणं आणि हातशिलाई त्यांच्याकडे होती. मशीनला त्या हात लावत नसत. मशीन मास्तरांचं. दोघांना मूलबाळ नव्हतं. मावशींचा एक धाकटा भाऊ होता. आई लवकर गेल्यामुळे तो मावशींच्याच हाताखाली वाढला होता. तो सैन्यात होता.

मास्तर शिंपी म्हणून बरे होते, फार मोठे नव्हते. त्यांचा कोट खांद्यात पडायचा, हे ते स्वतःच सांगायचे. सुटाची कामं दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जायची. पण विजार शिवावी तर मास्तरांनीच, असं बाजारात सगळे म्हणायचे. त्यांची विजार घातली की पट्टा विसरला तरी चालायचं.

त्यांना एक खोड होती. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर, जरा सैल ठेवा. मास्तर मान डोलवायचे आणि स्वतःला पटेल तेवढंच ठेवायचे. गिऱ्हाईक कपडे घालून बघायचं, खूश व्हायचं आणि त्याला वाटायचं, आपण सांगितलं तसं झालं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लोक स्वतःची कंबर सांगत नाहीत. त्यांना हवी असते ती कंबर सांगतात." मागून मावशींचा आवाज आला, "ह्यांना दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. लग्नापासून सांगतेय." मास्तर मला म्हणाले, "काय म्हणतेय ती?"

दुकानात एक फोटो टांगलेला होता. अग्निशमन दलाचे प्रमुख मास्तरांशी हात मिळवताना. फार वर्षांपूर्वी दलाच्या गणवेशांचं काम त्यांना मिळालं होतं. कागदावर बाहीचं माप आखूड पडलं होतं. मास्तरांनी कोणाला न विचारता प्रत्येक बाही चार बोटं वाढवली. प्रमुखांनी सदरा घातला, पाण्याचा पाइप धरल्यासारखा हात वर केला, आणि कफ मनगटावरून हलला नाही. मग फोटो निघाला. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. मी ती इतक्यांदा ऐकली होती की मधेच ते शिंकले तर पुढचं वाक्य मी म्हणायचो.

लढाई सुरू झाली तेव्हा आधी काळ्या पडद्यांचं काम आलं. रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून गावातल्या प्रत्येक खिडकीला पडदा हवा होता. मास्तर पडदे शिवून कंटाळले. पडद्याला काय, चार बाजू, ते म्हणायचे. मावशींचा भाऊ आघाडीवर गेला. त्याचं पहिलं पत्र आलं, त्यात बूट मोठे मिळालेत एवढंच लिहिलं होतं. मास्तरांनी त्याला जाड मोज्यांचे दोन जोड पाठवले.

मग कैदी आले. रेल्वेची बंद पडलेली गोदामं गावाबाहेर होती. त्यांना काटेरी तारेचं कुंपण घातलं, कोपऱ्यांत मचाणं उभारली आणि शत्रूचे पकडलेले सैनिक तिथे आणून ठेवले. पहिले काही दिवस लोक सायकली घेऊन लांबून बघायला जायचे. काही दिसायचं नाही. मग जाणं थांबलं.

छावणीचा स्टोअरकीपर एका दुपारी दुकानात आला. कानामागे पेन्सिल, पोट सुटलेलं. टेम्पोतून जाड, मातकट कापडाचे तागे उतरले. तंबूला वापरतात तसलं कापड होतं. त्याने नमुना सांगितला. आखूड सदरा, बिनकॉलरचा, दोन बटणं. विजार. पाठीवर काळा चौकोन. खिसा नाही. नाडी नाही, इलॅस्टिक नाही, पट्ट्याला लूप नाहीत. विजारीची उंची तीन मापांत. कंबर सगळ्यांना एकच, आणि ती जाड माणसाची.

नाडी का नाही ते मास्तरांना समजलं. कोंडलेला माणूस नाडीचं काय करेल सांगता येत नाही. खिसे का नाहीत तेही समजलं. कंबरेपाशी ते अडले. उंची तीन आणि कंबर एक, हे कसं, त्यांनी विचारलं. स्टोअरकीपर म्हणाला, जे सांगितलंय ते शिवा.

"सरकारने तुमच्यावरून माप घेतलेलं दिसतंय," मास्तर म्हणाले.

स्टोअरकीपर पोट धरून हसला. समोरचा इस्त्रीवालाही हसला. त्या दिवशी सगळ्यांना ते मजेशीर वाटलं.

मावशी बटणांना हात लावायला तयार नव्हत्या. माझा भाऊ तिकडे गोळ्या चुकवतोय आणि मी ह्यांची बटणं लावू, असं त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, ह्यांचे सदरे उघडे राहिल्याने तुझ्या भावाला ऊब मिळणार असेल तर नको लावूस. संध्याकाळी मावशींनी सुईत दोरा ओवला.

पहिला लॉट मास्तरांनी सांगितला तसा शिवला. कंबरपट्टी जोडताना दर वेळी मान हलवायचे. मी तयार विजार अंगाला लावून पाहिली, तर माझ्यासारखे दोघे आत मावले असते.

लॉटचे शेवटचे गठ्ठे पोचवायला मी त्यांच्यासोबत गेलो. हातगाडीला मागून ढकलायला कोणीतरी हवं होतं. फाटकापाशी आम्हाला थांबवलं. स्टोअरकीपर सहीसाठी कोणाला तरी शोधत होता. कुंपणापलीकडे जेवणाची रांग लागली होती. आधीच पोचलेले कपडे कैद्यांच्या अंगावर होते.

प्रत्येकाचा एक हात कंबरेवर होता. विजार मुठीत धरलेली. दुसऱ्या हातात ताटली. पाण्याच्या पेल्याला हात उरत नव्हता, म्हणून काही जणांनी पेल्याची कड दातांत धरली होती. कोणाच्या विजारीला गाठ नव्हती. गाठ मारली किंवा चिंधी बांधली तर पांघरूण काढून घेतात, हे मला पुढे कळलं. रांग पुढे सरकत होती. लहान लहान पावलं. विजार धरून मोठं पाऊल टाकता येत नाही.

परत येताना मास्तर गाडीच्या पुढे चालत होते. दर थोड्या वेळाने ते मान हलवत होते. मला वाटलं, त्यांना त्या माणसांची दया आली असेल. मी तसं काहीतरी म्हणालो.

"दया कसली?" ते म्हणाले. "एवढ्या माणसांच्या अंगावर माझं काम आहे, आणि एकालाही ते धरल्याशिवाय घालता येत नाही. कोणी विचारलं हे कोणी शिवलं, तर काय सांगतील?"

दुसऱ्या लॉटचं कापड आलं तेव्हा त्यांनी कंबर दाबून घेतली. नाडी घातली नाही, लूप लावले नाहीत. तेवढं त्यांनी पाळलं. मागच्या बाजूला दोन चिमटे घेतले, कंबरपट्टी आतून दुहेरी केली आणि तीन उंचींना तीन कंबरा दिल्या. रांगेत उभी असलेली माणसं त्यांनी नजरेने मोजून आणली होती. मी विचारलं, आधी छावणीत सांगायला नको का? त्यांनी कात्रीच्या टोकाने फोटोकडे दाखवलं. अग्निशमन दलाचे प्रमुख हसत होते.

मलाही ती मापाचीच चूक वाटली होती.

विजारींच्या घड्या घालताना कंबर आत घेतात, पाय बाहेर ठेवतात. सगळेच शिंपी तसं करतात. गठ्ठे तसेच बांधले गेले. छावणीत गठ्ठे मोजले, उघडून पाहिले नाहीत.

पुढे काय झालं ते आम्हाला एका पहारेकऱ्याकडून कळलं. तो गणवेशाची बाही दुरुस्त करायला आला होता. त्याने ती गोष्ट विनोद म्हणून सांगितली. सकाळची हजेरी होती. सगळे नवीन कपडे घालून मैदानात उभे होते. छावणीचे साहेब आले. रांगेतल्या एकाने हाताची घडी घातली. मग त्याच्या शेजाऱ्याने. मग हळूहळू सगळ्या रांगेने. कोणी बोललं नाही, कोणी हललं नाही. शाळेत पोरं बसतात तसे ते उभे राहिले. साहेबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं आणि विचारलं, "ह्यांना दुसरा हात कुठून आला?"

इस्त्रीवाला एवढा हसला की त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कंबर बसली ना नीट?"

"बसली म्हणजे काय," पहारेकरी म्हणाला.

मास्तर उठून आत गेले आणि त्यांनी मावशींना ते सांगितलं. मावशी म्हणाल्या, बरं झालं, आता जेवा. त्या दिवशी मास्तरांनी पहारेकऱ्याकडून बाहीचे पैसे घेतले नाहीत.

दोन दिवसांनी चौघे आले. सकाळची वेळ होती, दुकानं नुकतीच उघडत होती. दोघे साध्या कपड्यांत, दोघे गणवेशात. आरडाओरडा झाला नाही. त्यांनी टेप घेतली, खडू घेतले, कात्री घेतली, उरलेलं कापड घेतलं. मास्तर म्हणाले, कात्री जपून न्या, तिला धार आहे. एकाने मला स्टुलावरून उठायला सांगितलं. मावशी दारात उभ्या होत्या. मास्तर त्यांना म्हणाले, "अगं, त्या निळ्या पँटची ट्रायल आहे आज. त्यांना म्हणावं उद्या या."

लढाईच्या काळाचा एक वेगळा कायदा असतो. त्यात शत्रूला मदत करणं हा गुन्हा आहे आणि मदत म्हणजे काय हे लिहिलेलं नाही. जामीन नाही. वकील मिळतो, पण तो बोलतो फक्त तुमच्याशी. हे सगळं मला त्या वकिलानेच समजावलं. तो तरुण होता आणि त्याची विजार मास्तरांनी शिवलेली होती.

चौकशीच्या खोलीत काय झालं ते मास्तरांनी मला नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या दिवशी. समोर एक अधिकारी होता. सभ्य माणूस होता. पाणी विचारलं. टेबलावर दोन विजारी होत्या, पहिल्या लॉटची आणि दुसऱ्या लॉटची.

"हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग का केलंत?"

"मापात चूक होती. मी सुधारली."

अधिकारी त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चूक नव्हती."

मास्तरांना शब्द कळले, अर्थ कळला नाही. ते उंची तीन आणि कंबर एक हे समजावून सांगू लागले. अधिकाऱ्याने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग त्याने समजावलं. आम्ही यांना मारत नाही, तो म्हणाला. जेवायला देतो, झोपायला देतो. बाहेरच्या देशांची माणसं पाहणीला येतात तेव्हा यांच्या अंगावर एक वळ दिसत नाही. आम्ही प्रत्येकाचा फक्त एक हात काढून घेतो. एक हात गुंतलेला माणूस पळत नाही, झटापट करत नाही, ताठ उभा राहत नाही. पहारेकरी निम्मे पुरतात. आणि थोड्या दिवसांनी तो स्वतःच खाली बघून चालायला लागतो.

"म्हणजे पहिल्या लॉटला मी कपडे शिवलेच नव्हते," मास्तर मला म्हणाले. एवढंच म्हणाले. त्या दिवशीचं सांगणं तिथेच संपलं.

अधिकाऱ्याला नाव हवं होतं. घडीत कंबर आत लपवली होती, म्हणजे कट होता, आणि कटाला एकापेक्षा जास्त माणसं लागतात. त्याने विचारलं, वरच्या खोलीत कोण राहतो? पुस्तकं वाचतो, नोकरी नाही, दिवसभर तुमच्याकडे बसतो. त्याने सांगितलं का? सांगितलं असेल तर तुम्ही घरी जाल.

"मला कंबरेचं माप तो सांगणार?" मास्तर म्हणाले. "त्याला स्वतःची विजार मी शिवून देतो. तीसुद्धा उधारीवर."

मला एक दुपार बसवून ठेवलं आणि सोडलं. माझी पुस्तकं चाळली, त्यांत कविता निघाल्या, तेव्हा त्यांचा उत्साह गेला. मास्तरांनी मला वाचवलं की त्यांना खरोखरच अपमान वाटला, हे मला माहीत नाही. नंतर एकदा विचारलं. ते म्हणाले, खरं तेच सांगितलं.

वकिलाने दुसरी वाट काढली. हात चुकला म्हणा, तो म्हणाला. कापताना दुसऱ्या कामाचा कागदी नमुना लावला गेला, घाई होती, डोळे अधू झालेत. निष्काळजीपणाला शिक्षा कमी आहे. महिनाभरात बाहेर याल. मावशींना ते पटलं. भेटीची परवानगी मिळाली तेव्हा त्या तेवढंच बोलायचं ठरवून निघाल्या. मला सोबत नेलं, कारण लिहिलेलं वाचायला आणि सह्या करायला शिकलेलं माणूस लागतं, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं.

मास्तरांना त्याच गोदामांत ठेवलं होतं. शेवटची शेड आपल्या माणसांची होती. कोणी जास्त बोललेला, कोणी काही विकलेला, कोणाच्या घरात कोणी सापडलेला. कपडे तेच. पाठीवरचा चौकोन काळ्याऐवजी पांढरा.

जाळीपलीकडचं दार उघडलं आणि मास्तर आले. डावा हात कंबरेवर होता. आम्ही त्यांना ओळखायच्या आधी तो हात ओळखला. ते लहान पावलं टाकत आले आणि जाळीपाशी बसले. मुठीतली कंबरपट्टी त्यांनी उलटी करून मावशींना दाखवली.

"माझीच टीप आहे. पहिल्या लॉटची," ते म्हणाले. "कापड चांगलं टिकतंय."

मावशींनी वेळ घालवला नाही. "अहो, म्हणा ना एकदा, हात चुकला. तुमचं काय जातंय?"

"काय म्हणू? एवढ्या माणसांची कंबर बरोबर बसली ती माझा हात चुकला म्हणून? कोण विश्वास ठेवील?"

"विश्वास नाही ठेवला तर नाही ठेवला. सोडतील तर."

"अगं, कैद्यांनी घालून बघितल्यात. एकाचीही ढिली नाही." ते जाळीकडे वाकले. "तूच सांग, हे चुकून होतं का?"

मावशींनी खूप वेळ जाळीवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नाही होत." बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, ह्या माणसाने आयुष्यात एकदा तरी वाईट शिवायला हवं होतं.

लढाई संपेपर्यंत, अशी शिक्षा झाली. ती कधी संपणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

स्टोअरकीपरची बदली आघाडीवर झाली. त्याच्या जागी आलेला माणूस गठ्ठे उघडून पाहायचा. दुसऱ्या लॉटच्या विजारी काढून घेतल्या, पुढची कामं दुसऱ्या गावाला गेली.

गल्लीत आम्हाला कोणी काही बोललं नाही. लोक आले आणि आपापलं कापड परत घेऊन गेले. कापलेलं होतं त्यांनीही नेलं. इस्त्रीवाला आधी मावशींकडे बघून मान हलवायचा, मग त्याने टेबलाची दिशा फिरवली, त्यामुळे त्याची पाठ आमच्याकडे झाली. मावशींच्या भावाला सुट्टी मिळाली. तो स्टेशनवर उतरला, दोन दिवस मित्राकडे राहिला आणि घरी न येता परत गेला. वरच्यांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल, असा निरोप त्याने ठेवला. मावशींनी त्याच्यासाठी स्वेटर विणून ठेवला होता. तो त्यांनी उसवला आणि लोकर गुंडाळून ठेवली.

एक दिवस मी जिना उतरून आलो तर मावशी मशीनवर बसल्या होत्या. पाय अडखळत होता, दोरा तुटत होता. त्या मला म्हणाल्या, बघू नकोस, बस. मी स्टुलावर बसलो. हळूहळू कामं आली. उशांचे अभ्रे, पिशव्या, पडदे. कपडे कोणी देत नसे. इस्त्रीवाला पाठ न वळवता म्हणाला, "कंबर नसलेलं काहीही चालेल." बऱ्याच दिवसांनी तो आमच्याशी बोलला होता. मावशींनी त्याला एक अभ्रा शिवून दिला.

मी भेटीला अधूनमधून जायचो. मास्तर गोदामातलं सांगायचे, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. एका हाताने तोंड धुता येतं, ते म्हणायचे, पण पाणी कोपरापर्यंत येतं. बादली उचलता येते, पण दोघांनी मिळून, म्हणजे आपापल्या मोकळ्या हाताने. खोकला आला तर दोन्ही हात लागतात, हे त्यांना आधी माहीत नव्हतं. झोपल्यावर विजार धरावी लागत नाही, तरी लोक धरूनच झोपतात.

लढाई संपली. करार झाला आणि कैद्यांची अदलाबदल ठरली. बसगाड्या आल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांना नवे कपडे दिले, खिसेवाले, पट्ट्यासकट. फोटो निघायचे होते. पेपरात ते बसच्या पायऱ्या चढताना दिसले. नीट पाहिलं तर पट्टा असूनही काही जणांचा हात कंबरेवर होता. मी ते मावशींना दाखवलं नाही.

त्यांना परत मागणारा देश होता. शेवटच्या शेडमधली माणसं इथलीच होती. त्यांना कोणाकडे परत करणार? करारात त्यांचा उल्लेख नव्हता. लढाई संपली म्हणजे नेमकं कधी संपली यावर कागद फिरत राहिले. वकील हेलपाटे घालत राहिला. झाडांची पानं गळून पुन्हा आली, तेव्हा मास्तर सुटले.

ते चालत आले. रिक्षात बसायला नको म्हणाले. गल्लीत शिरले तेव्हा इस्त्रीवाला कामात होता. त्याने टेबल पुन्हा पूर्वीच्या दिशेला फिरवलं.

मास्तर वाळले होते. त्यांच्या जुन्या विजारी त्यांना ढगळ होत होत्या, त्यामुळे डावा हात कंबरेवर असणं आम्हाला आधी साहजिक वाटलं. मावशींनी पट्टा दिला. त्यांनी तो आवळून बांधला. हात तिथेच राहिला. चहा पिताना, जिन्यापाशी उभं राहून माझ्याशी बोलताना, आरशासमोर भांग पाडताना. त्यांचं लक्षही नसायचं. मावशी म्हणायच्या, अहो, हात. ते हात काढायचे. थोड्या वेळाने तो पुन्हा जायचा.

मशीनवर बसले तेव्हा खरं काय ते कळलं. उजव्या हाताने चाक फिरवलं, पाय चालवले, सुई वरखाली झाली. डावा हात कापडावर हवा. तोच कापड पुढे नेतो. तो मांडीवर होता, विजारीचं कापड मुठीत घेऊन. कापड सुईखाली गोळा झालं. मास्तरांनी ते सोडवलं, हाताकडे बघितलं, हात कापडावर ठेवला. चार टाके बरे गेले. मग हात कापडावर नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हातात दोष काही नाही. मुठीची ताकद तर चांगलीच आहे.

कोणी कोणी काम घेऊन येऊ लागलं होतं. लढाई संपल्यावर लोकांना फार आठवत नाही. मास्तर माप घ्यायचे नाहीत, नजरेने बघायचे आणि उद्या या म्हणायचे. उद्या आलेल्यालाही उद्या या म्हणायचे. मग मावशी आतून काहीतरी कारण सांगायच्या. दुकान चालेल की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. अभ्र्यांवर दोघांचं पोट भरत होतं. पण मास्तर स्टुलावर बसायला लागले होते. मी उभा राहायला लागलो होतो.

एका दुपारी मावशी टेप घेऊन आल्या.

"उभे राहा," त्या म्हणाल्या.

मास्तरांचं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं. ते स्वतःचे कपडे अंदाजाने कापायचे. ते उभे राहिले.

"हात वर करा." हे त्यांचंच वाक्य होतं, गिऱ्हाइकांना म्हणायचं. त्यांनी उजवा वर केला. मावशी थांबल्या. डावा वर आला नाही. मावशींनी जोर केला नाही, हात लावून पाहिला नाही. त्यांनी टेप त्या मुठीच्या खालून फिरवली, बघितलं आणि गळ्यात टाकली. मग त्या आत गेल्या आणि मधलं दार लावून घेतलं. मशीन त्यांनी आदल्या दिवशीच माझ्याकडून आत सरकवून घेतलं होतं.

संध्याकाळी दार उघडलं. विजार काळ्या जाड कापडाची होती. उरलेल्या पडद्याचं कापड असावं. मास्तर आत जाऊन घालून आले. मी आणि मावशी दुकानात होतो.

त्यांचा हात कंबरेवर गेला. बोटांनी कापड शोधलं. कापड अंगाला असं लागलेलं होतं की चिमटीत सापडत नव्हतं. हात घसरून खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला.

"अगं, कंबर आवळतेय," मास्तर म्हणाले. "बोटसुद्धा शिरत नाही. मापात चूक केलीस तू."

"चूक नाही ती," मावशी म्हणाल्या.

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मावशींनी नजर काढली नाही. समोर इस्त्रीवाल्याने पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली, वाफेचा आवाज आला.

मग मास्तरांनी मला मशीन बाहेर आणायला सांगितलं. मी ते ढकलत दाराच्या डाव्या हाताला नेलं, जिथे ते आधी होतं. मास्तर बसले. बसताना कंबर आणखी आवळली असणार, कारण त्यांनी श्वास धरला. मावशींनी एक अभ्रा पुढे टाकला. उजवा हात चाकावर गेला. डावा कंबरेकडे गेला, घसरला आणि कुठे जावं हे न कळल्यासारखा थोडा वेळ हवेत राहिला. मग कापडावर उतरला.

टीप वाकडी गेली. अभ्र्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पार वाकडी. मास्तरांनी कापड काढून उजेडात धरलं. लहान पोराच्या पाटीकडे बघावं तसं त्या शिवणीकडे बघितलं.

"ब्लेड दे," ते मावशींना म्हणाले.

त्यांनी ब्लेड घेतलं आणि शिवण उसवायला सुरुवात केली. उसवायला दोन्ही हात लागतात.